कशाचं निम्मं

नीलमने फळ्यावरचा खाली घसरत जाणारा वक्र डस्टरने अर्धा पुसला, तेव्हा वर्ग जवळजवळ रिकामा झाला होता. दुसऱ्या बाकाजवळ एक मुलगी दप्तर खांद्याला अडकवून उभी होती. वर्षाली. बार्शीटाकळीहून रोज एसटीने अकोल्याला येणारी, बारावीच्या वर्गात वर्षभर एकदाही हात वर न केलेली.

"मॅडम, एक विचारू का?"

नीलमने मान हलवली. वर्षालीने प्रश्न घरापासून सुरू केला. त्यांच्या वावरात दीड एकर वांगी होती. अळी जात नव्हती, म्हणून तिच्या वडिलांनी शुक्रवारी औषध फवारलं, आणि रागारागात पंपात एका झाकणाऐवजी दोन झाकणं टाकली. बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की फवारल्यावर नऊ दिवस माल तोडू नये. पण ते एका झाकणाचं. दोन झाकणांना किती दिवस थांबायचं? वडील म्हणत होते दुप्पट औषध तर दुप्पट दिवस, अठरा. आई म्हणत होती अठरा दिवसांत वांगी जून होऊन बियांनी भरतील, मग ती गुरांपुढेच टाकावी लागतील. त्यात येत्या रविवारी गावातल्या मारुतीच्या देवळात गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी असं जेवण होतं, आणि तिथली सगळी वांगी देण्याचा शब्द वडिलांनी महिन्यापूर्वीच दिला होता. रविवारी फवारणीला बरोबर नऊ दिवस होत होते.

"कृषी सहायकाले फोन केला होता मी," वर्षाली म्हणाली. "ते म्हणे, या दिवसात तीन दिवसात निम्मं होते हे औषध. पण मंग दुप्पट टाकलंच काहून म्हणून बाबूजीवर चिडले, अन् फोन ठेवून देल्ला." ती थांबली. "हे पण तुमी आज शिकवलं तसंच हाये का मॅडम? फर्स्ट ऑर्डर?"

नीलमला बरं वाटलं. नोकरीचं हे दुसरं वर्ष, आणि फळ्यावरची गोष्ट कुणीतरी घरापर्यंत नेल्याचं ती पहिल्यांदाच पाहत होती. तिने डस्टर खाली ठेवला आणि फळ्याच्या कोपऱ्यात उरलेल्या सूत्रावर बोट ठेवलं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, बरोबर शून्य पूर्णांक सहाशे त्र्याण्णव भागिले के.

"यात सुरुवातीचं प्रमाण कुठे दिसतं तुला?"

वर्षालीने सूत्र नीट पाहिलं. "नाही दिसत."

"मग? पहिल्या कोटीच्या अभिक्रियेत सुरुवातीला कितीही घ्या, अर्धायुष्य तेवढंच राहतं. हेच तर आज शिकलो."

"म्हणजे नऊच दिवस?"

पुढच्या तासाची मुलं दारात गर्दी करू लागली होती. नीलमचा हात फळ्यावर क्षणभर तसाच राहिला.

"नऊच," ती म्हणाली.

वर्षाली लगेच गेली नाही. तिच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण नव्हती, पण पुढे काय विचारायचं हेही तिला सुचत नसावं. मग ती गर्दीतून वाट काढत बाहेर पडली.

त्या आठवड्यात नीलमला ते उत्तर दोन-तीनदा आठवलं. का आठवतं हे तिला कळेना. एकदा तिने कागद घेऊन सूत्र पुन्हा मांडलं. सूत्र बरोबर होतं. पाठ्यपुस्तकातही ते वाक्य ठळक अक्षरांत होतं. या धड्यावर तिला स्वतःला बारावीत आणि नंतर बीएस्सीलाही चांगले गुण होते. सूत्र आठवायचं, आकडे घालायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, एवढंच तिने नेहमी केलं होतं. तरीही अठराचा अंदाज बांधणारा तो न पाहिलेला शेतकरी तिच्या डोळ्यांपुढे येई, आणि जास्त औषध टाकल्यावर जास्त थांबावं असं वाटणं इतकं वेडगळ कसं असेल, हे तिला स्वतःलाच पटवून देता येत नसे. विज्ञान असंच असतं, वाटतं एक आणि निघतं दुसरं, असं म्हणून ती पेपर तपासायला घेई.

शनिवारी दुपारी ती अमरावतीला घरी गेली. अंगणात तिचे आईवडील तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. वडील, देवमन, एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होते. दहावीच्या पुढे ते शिकले नव्हते. पण कुठल्या प्रयोगाला कोणती बाटली, किती बर्फ, किती ब्युरेट हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. नीलम रसायनशास्त्राकडे वळली ती त्यांच्या शर्टाला येणाऱ्या वासामुळे, असं तिची आई पंचफुलाबाई पाहुण्यांना सांगायची.

चहा घेता घेता नीलमने वर्षालीची हकीकत सांगितली. आपण दिलेलं उत्तरही सांगितलं. सांगताना तिचा सूर थोडा कौतुकाचा होता. मुलीचं कौतुक, आणि काही अंशी स्वतःचंही.

देवमन शेंगा सोलत राहिले.

"इस्टरचा प्रयोग आठवते तुले?" त्यांनी मग विचारलं.

तिला आठवत होता. आम्लात इस्टर टाकायचं, दर दहा मिनिटांनी त्यातलं थोडं काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं, म्हणजे अभिक्रिया तिथेच थबकते, आणि मग मोजायचं. बीएस्सीला तिनेही तो केला होता.

"एक डाव एका पोरानं चुकून डबल इस्टर टाकलं," देवमन म्हणाले. "घाबरला तो. सर म्हणे राहू दे, निम्मं व्हायले टाइम तेवढाच लागते. अन् लागला बी तेवढाच."

"तेच तर मी म्हणून राहिली, बाबा."

"हो. बरोबर हाये ते." त्यांनी हातातली शेंग फोडली. "पण निम्मं झाल्यावर त्याच्या बाटलीत उरलं किती? बाकीच्यायनं सुरुवातीले जेवढं टाकलं होतं, तेवढं. त्यायचं त्याच्याबी निम्म्यावर आलं होतं, अन् याचं आता कुठं त्यायच्या सुरुवातीच्या आकड्यावर. घंटा वाजली तरी तो बसूनच होता. मी थांबलो मंग त्याच्यासाठी." ते जरा घुटमळले. मुलगी शिकवते त्या विषयात आपण बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "मले तुमचं गणित नाही समजत. पण तू निम्मं निम्मं करून राहिली, तर कशाचं निम्मं?"

नीलमने शेजारी पडलेलं वर्तमानपत्र ओढलं आणि त्याच्या कडेला आकडे मांडले. एका झाकणाचं औषध ऐंशी धरलं. तीन दिवसांनी चाळीस, सहा दिवसांनी वीस, नऊ दिवसांनी दहा. म्हणजे दहा उरलं की माल तोडायला हरकत नाही. मग दोन झाकणांचं. एकशे साठ. तीन दिवसांनी ऐंशी, सहा दिवसांनी चाळीस, नऊ दिवसांनी वीस.

वीस.

ती त्या आकड्याकडे पाहत राहिली. अर्धायुष्य दोन्हीकडे तीनच दिवस होतं. तिने सांगितलेलं वाक्य खोटं नव्हतं. आणि तरी नवव्या दिवशी त्या वांग्यांवर दुप्पट औषध होतं. दहापर्यंत यायला आणखी तीन दिवस हवे होते. बारा. नऊ नाही, अठराही नाही. तिने सगळं खोडून दुसऱ्या कडेला पुन्हा मांडलं. सूत्र खरं आणि उत्तर चूक, या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात बसेनात. आपण कुठे घसरलो तेवढंच तिला शोधायचं होतं, आणि ते बोटातून निसटत होतं.

"काय झालं वं?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

मोबाईलवर वर्गाची यादी उघडून नीलमने वर्षालीच्या नावापुढचा नंबर लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. तिने पुन्हा लावला. मग निरोप पाठवला: उद्या वांगी तोडू नका, मला फोन कर. निरोप गेला, पण कुणी वाचल्याचं दिसेना. तो नंबर मुलीचा नव्हता, वडिलांचा होता. संध्याकाळपर्यंत तिने सहा वेळा फोन केला.

देवमनांनी तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "सकाळच्या गाडीनं जाऊन ये."

रविवारी सकाळी ती निघाली. अकोल्याच्या गाडीत खिडकीशी बसून ती पोहोचल्यावर काय बोलायचं ते जुळवत होती. मूर्तिजापूर आलं तरी वाक्य जुळलं नव्हतं. मी चुकीचं सांगितलं, असं म्हणायचं, की थोडं वेगळं सांगायला हवं होतं, असं? तिने वर्गात आजवर असं कधी म्हटलं नव्हतं. फळ्यावर एखादी चूक झालीच, तर ती पाठमोरी राहून पुसून टाकायची. मध्येच तिला वाटायचं, एवढं काय होणार आहे, लोक बाजारातून काय काय आणून खातात. मग तिला देवळापुढची पंगत दिसायची, आणि पंगतीत बसलेली लहान मुलं. ती पुन्हा फोन लावायची.

अकोल्याला बार्शीटाकळीची गाडी तासभर उशिरा सुटली. ती उतरली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. देवळाची वाट विचारावी लागली नाही. गोवऱ्यांचा धूर लांबूनच दिसत होता. देवळामागच्या मोकळ्या जागेत विझत्या गोवऱ्यांच्या राखेत रोडगे पुरलेले होते आणि दोघंजण ते चिमट्याने काढून फडक्यावर टाकत होते. पलीकडे चुलाणावर पातेल्यासारखा मोठा गंज चढवला होता. त्यात वांग्याची भाजी शिजत होती.

नीलम त्या गंजाजवळ जाऊन उभी राहिली. तेलाचा लाल तवंग, त्यात फुटलेली जांभळी वांगी. पहिल्या पंगतीची पानं मांडली जात होती.

"ही वांगी कोणाकडची?" तिने विचारलं.

गंज ढवळणाऱ्या माणसाने तिच्याकडे, तिच्या खांद्यावरच्या पर्सकडे पाहिलं. हे खुशालराव, जेवणाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती.

"अकोल्याच्या बाजारातली," ते म्हणाले. "गावात दीड एकर वांगी उभी हायेत, अन् आमी बाजारातून आणली. उत्तमरावनं ऐन टायमाले शब्द फिरवला." मग त्यांनी विचारलं, "तुमी कोन?"

नीलम गंजापासून दोन पावलं मागे सरली. तिने नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं. खुशालरावांनी कुणालातरी हाक मारली आणि वरणाची बादली हातात घेतलेला एक उंच माणूस लगबगीने आला. उत्तमराव. वर्षालीच्या वडिलांनी बादली खाली ठेवून दोन्ही हात जोडले. फोन रात्रीपासून घरी चार्जिंगला लावलेला होता, हे त्यांनी ती काही म्हणण्याआधीच सांगून टाकलं.

"तुमी सांगतलं म्हणून थांबलो मॅडम," ते म्हणाले. "नाईतर आज पहाटेच तोडा केला असता."

"मी काय सांगितलं?" नीलमने विचारलं.

"बारा दिवस. बुधवारपर्यंत हात लावू नका म्हणून." ते खुशालरावांकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात दोन-तीन दिवसांचं काही साचलेलं होतं. "इचारा आता यायले. मी बहाना करून राहिलो का इचारा."

नीलमने खुशालरावांकडे पाहिलं, उत्तमरावांकडे पाहिलं. बारा हा आकडा तिने काल संध्याकाळी अमरावतीत वर्तमानपत्राच्या कडेला लिहिला होता. तो इथे तिच्याआधी कसा पोहोचला हे तिला कळेना. तिने पाठवलेला निरोप कुणी वाचला नव्हता, आणि त्यात तर बारा हा शब्दही नव्हता. मग तिला बायकांच्या घोळक्यात, पत्रावळींचा गठ्ठा छातीशी धरून उभी असलेली वर्षाली दिसली. ती नीलमकडे पाहत होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

हात धुवायच्या निमित्ताने दोघी देवळाच्या बाजूच्या नळाशी गेल्या. वर्षालीने आधी तोटी सोडली आणि मग पाण्याकडे पाहतच बोलू लागली. सोमवारी तिने घरी नऊ दिवस सांगितले होते. वडील खूश झाले होते. मंगळवारी ती सूत्र न वापरता नुसते आकडे निम्मे करत बसली, तर नऊ येईना.

"चार डाव काढलं मॅडम. दर डाव बाराच येत होते. मले वाटलं माह्यंच चुकून राहिलं."

"मला का नाही विचारलंस?"

"आली होती मी. दोन दिवस. स्टाफरूमच्या दारापर्यंत." पाणी वाहत होतं, तिने तोटी बंद केली. "तुमीच तं सांगतलं होतं नऊ. तुमाले कसं म्हणू?"

नीलमने ओले हात झटकले.

"अन् घरी मी म्हटलं असतं की मले बारा वाटतात, तं कोन थांबलं असतं? देवळाचा शब्द होता. म्हणून म्हटलं मॅडमनं पुन्हा हिशोब केला." तिने ओढणीला हात पुसले. "बाबूजीले नका सांगू. मी खोटं बोलली हे त्यायले नाही चालत."

वर्षालीच्या आईने, पार्बताबाईंनी, तेवढ्यात दोघींना हाक मारली. मॅडमना पहिल्याच पंगतीत बसवायचं ठरलं होतं.

पंगतीत नीलमच्या उजवीकडे खुशालराव बसले. वाढणाऱ्यांत उत्तमराव होते, वर्षाली पत्रावळी संपल्यावर मिठाची वाटी घेऊन फिरत होती. गावात मॅडम आल्याचं एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. समोरच्या रांगेतल्या एकाने तिला तुरीवरच्या अळीचं विचारलं. दुसऱ्याने विचारलं की हरभऱ्याला किती दिवस धरायचे. तिने सांगितलं की तिला शेतीतलं कळत नाही, ती फक्त शिकवते. ते त्यांना खरं वाटलं नाही. ज्या बाईच्या शब्दावर उत्तमराव देवाचं जेवण अडवून बसतो, तिला कळत नाही असं कसं, असं कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. खुशालरावही थोडे हसले. त्यांनी आपल्या पानातलं वांगं तिला दाखवून म्हटलं की उत्तमरावाच्या वांग्याची चव याला नाही, पण ठीक आहे, मॅडम म्हणतात तर बरोबर असेल.

नीलमने रोडगा हातात धरला होता. काही न बोलता हे सगळं निभावून जाणार होतं. उत्तमरावांचा मान राहिला होता, मुलीचं खोटं झाकलं होतं, तिची चूकही. बुधवारी वांगी तोडली जातील आणि कुणाला काही होणार नाही. तरी रोडगा तिने अजून मोडला नव्हता.

उत्तमराव वरण घेऊन तिच्या पानापाशी आले, तिने हात आडवा केला तरी त्यांनी वाढलं, आणि तिथेच थांबले.

"मंग बुधवारी तोडू ना मॅडम? की अजून एखाद-दोन दिवस ठेवू? तुमी म्हणाल तसं."

आजूबाजूची दोन-चार माणसं ऐकत होती. नीलमने मनातल्या मनात पुन्हा ऐंशीपासून सुरुवात केली, चाळीसवर आली आणि थांबली.

"काका," ती म्हणाली, "मी नऊच सांगितलं होतं. माझं चुकलं होतं. बारा वर्षालीनं काढले, तिचे तिनं. मला तर ते कालच कळलं. तेच सांगायला आले होते मी."

खुशालरावांचा हात पानावर थांबला. उत्तमरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असावी. मग ते वळले. वर्षाली तीन पानं सोडून मीठ वाढत होती. ती तिथेच उभी राहिली. पार्बताबाई लांबून काय झालं, काय झालं म्हणून विचारत होत्या आणि त्यांना कुणी सांगत नव्हतं.

"मंग मॅडमचं नाव काहून घेतलं?" उत्तमरावांनी विचारलं.

वर्षालीने मान खाली घातली. वाटीतलं मीठ ती बोटाने एका बाजूला सारत राहिली.

उत्तमरावांनी उत्तराची वाट पाहिली. मग बादली उचलली आणि पुढच्या पानावर वरण घातलं. त्याच्या पुढच्या पानावर घातलं. उत्तमराव रांगेच्या टोकापर्यंत गेले, एका म्हाताऱ्याने नको म्हटलं त्यालाही अर्धा डाव वाढला, आणि त्याच चालीने परत आले. मुलीसमोर येऊन त्यांनी बादली पायाशी टेकवली.

"बुधवारी तोडू ना मंग?" त्यांनी तिला विचारलं.

वर्षालीने नीलमकडे पाहिलं. नीलम पानावर वाकली होती आणि दोन्ही हातांनी रोडगा कुस्करत होती.

"बुधवारी," वर्षाली म्हणाली. जरा थांबून तिने पुढे सांगितलं, "दव गेल्यावर."

उत्तमरावांनी मान हलवली आणि ते वरण आणायला चुलाणाकडे गेले.